फायटर माशांची जोडी : कधी एकत्र, कधी वेगळी?

तालुक्याच्या बाजारात लहान लहान बरण्यांत एकेकटा ठेवलेला, निळ्या किंवा तांबड्या झुपकेदार परांचा मासा आपण पाहिला असेल. दुकानदार त्याला फायटर म्हणतात. शास्त्रीय नाव बेट्टा स्प्लेंडेन्स. मुले हट्ट करतात आणि मासा घरी येतो. मग घरातील कोणाला तरी वाटते, बिचारा एकटा आहे, सोबतीला मादी आणू. दोघांना एका बरणीत सोडतात आणि सकाळी मादी फाटक्या परांनी तळाशी पडलेली आढळते. पैसे जातात आणि मुले रडतात ते वेगळेच. गाईगुरांना, कोंबड्यांना सोबत लागते, तशी या माशाला लागत नाही. त्याचा स्वभाव समजून घेतला तर ही हानी टळते आणि घरच्या घरी पिल्लेही काढता येतात.

मूळ भातखाचरातला

हा मासा मूळचा थायलंडचा. तेथील भातखाचरे, कालवे आणि संथ, उथळ पाण्यात तो राहतो. तेथे त्याला ‘प्ला कट’, म्हणजे चावरा मासा म्हणतात. झुंजीसाठी तो पिढ्यान्‌पिढ्या पाळला गेला. १८४० साली सयामच्या राजाने काही मासे थिओडोर कँटर या डॉक्टरांना दिले. आजचे शास्त्रीय नाव रेगन या शास्त्रज्ञाने १९१० मध्ये दिले. २०१९ मध्ये थायलंडने त्याला आपला राष्ट्रीय जलचर म्हणून घोषित केले.

उन्हाळ्यात खाचरातले पाणी आटते आणि त्यातला प्राणवायू कमी होतो. तरीही हा मासा तग धरतो, कारण कल्ल्यांच्या वर त्याला एक घडीचे इंद्रिय असते. त्याच्या साहाय्याने तो पृष्ठभागावर येऊन हवा घेतो. पण याचा अर्थ पेलाभर पाणी त्याला पुरते असा नव्हे. एका माशाला निदान दहा-पंधरा लिटर पाणी द्यावे. तो उडी मारतो, म्हणून भांड्यावर जाळीचे झाकण ठेवावे.

नर-मादी कशी ओळखावी?

नराचे पर व शेपटी लांब आणि रंग भडक असतो. मादी आखूड परांची, थोडी लहान व पोटाने गोल असते. अंड्यावर आलेल्या मादीच्या पोटाखाली एक पांढरा ठिपका दिसतो. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत, तसे एका टाकीत दोन नर राहत नाहीत. नर-मादीही पैदाशीचे दिवस सोडून वेगळीच ठेवावीत.

जोडी लावण्याची तयारी

चार महिन्यांपासून वर्षभराच्या आतली, निरोगी व जवळपास सारख्या आकाराची जोडी निवडावी. दहा-पंधरा दिवस दोघांना वेगवेगळे ठेवून डासांच्या अळ्यांसारखे जिवंत खाद्य द्यावे. हा मासा मांसाहारी आहे. भात किंवा भाकरीचा चुरा त्याच्या कामाचा नाही. अळ्या गाळून आणाव्यात आणि उरलेले पाणी लगेच कोरड्या जमिनीवर ओतावे, नाहीतर घरात डेंग्यूला आमंत्रण.

दोन फूट लांब, एक फूट रुंद टाकीत चार-पाच इंच पाणी भरावे. तळाला वाळू घालू नये, अंडी त्यात हरवतात. नळाचे पाणी असल्यास एक-दोन दिवस उघडे ठेवून मग वापरावे. पाण्याचे तापमान २६ ते २८ अंश हवे. म्हणून घाटावरच्या थंडीत हा उद्योग करू नये. मादीला लपायला पाणवनस्पती ठेवाव्यात. अंगणातल्या देशी बदामाचे एक वाळलेले पान पाण्यावर सोडावे. त्याखाली नर घरटे बांधतो.

आधी नर सोडावा. मग कंदिलाची स्वच्छ काच टाकीत उभी करून तिच्यात मादी सोडावी. काचेचे वरचे तोंड पाण्याबाहेर राहावे. दोघे एकमेकांना पाहतात, पण चावू शकत नाहीत. नर तोंडाने बुडबुडे सोडून फेसाचे घरटे बांधू लागतो. मादीच्या अंगावर उभे पट्टे दिसले तर ती तयार आहे असे समजावे. आडवे पट्टे म्हणजे ती घाबरली आहे. घरटे झाले व मादी तयार दिसली की दुसऱ्या दिवशी काच अलगद उचलावी.

थोडी पाठलाग-झटापट होणारच. मात्र दिवसभरात अंडी न पडता मादी जखमी होऊ लागली, तर तिला काढून घ्यावे.

बाप राखणदार

नर मादीला अंगाचा विळखा घालतो, अंडी खाली पडतात आणि तो ती तोंडाने उचलून घरट्यात ठेवतो. हे काही तास चालते. शंभरापासून तीन-चारशेपर्यंत अंडी मिळतात. काम संपताच मादीला बाहेर काढावे, कारण आता नर तिला शत्रू मानतो. कोंबडी जशी अंड्यांवर बसते, तसा हा बाप घरट्याखाली पहारा देतो. दीड-दोन दिवसांत पिल्ले निघतात. पुढे दोन-तीन दिवसांनी ती आडवी पोहू लागली की नरालाही काढावे.

पिल्लांचे पहिले खाद्य डोळ्यांना दिसणार नाही इतके बारीक लागते. त्यासाठी जोडी लावताच बरणीत पाणी व मूठभर वाळला पेंढा घालून सावलीत ठेवावा. चार-पाच दिवसांत त्यात सूक्ष्म जीव वाढतात. आठवड्यानंतर नुकत्याच फुटलेल्या आर्टेमियाची पिल्ले द्यावीत. टाकी झाकून ठेवावी; पिल्ले हवा घ्यायला शिकतात तेव्हा वरची हवा थंड नसावी.

हिशेब आधी

दोन-तीन महिन्यांत नर भांडू लागतात. तेव्हा प्रत्येकाला स्वतंत्र बाटली लागते. शंभर नर म्हणजे शंभर बाटल्या, शंभर वेळा खाद्य आणि शंभर बाटल्यांचे पाणी बदलणे. खरे कष्ट येथे आहेत. म्हणून आधी शहरातल्या दुकानदाराला विचारावे : कोणता रंग हवा, किती नग घेणार, काय भाव देणार? वहीत लिहून ठेवावे आणि मगच एका जोडीने सुरुवात करावी. पहिली खेप पदरात पडल्यावर दुसरी लावावी.

शेवटची एक सूचना. मासे जास्त झाले म्हणून विहिरीत, ओढ्यात किंवा तळ्यात सोडू नयेत. हा परका मासा आहे. ऑस्ट्रेलियाच्या उत्तर भागात असेच बाहेर पडलेले मासे नैसर्गिक पाण्यात ठाण मांडून बसले आहेत. आपल्या ओढ्यातले मासे आपणच राखायचे आहेत. जितक्यांची सोय करता येईल तितकीच पिल्ले वाढवावीत.