थायरॉईडचा रक्त-अहवाल आणि औषधाच्या मात्रेतील बदल

थायरॉक्सिनची गोळी नित्य घेणारे रुग्ण आपल्या चिकित्सालयात आता पदोपदी भेटतात. ते येतात संधिशूलासाठी, केशपतनासाठी, आम्लपित्तासाठी किंवा अनपत्यतेसाठी, आणि जाता जाता पिशवीतून प्रयोगशाळेचा कागद काढून विचारतात, "वैद्यराज, ही गोळी कमी होईल का?" या प्रश्नाचे उत्तर देण्यापूर्वी त्या कागदावरील आकडे काय सांगतात आणि काय सांगत नाहीत, हे नीट जाणून घेतले पाहिजे. औषध विक्रेत्या बंधूंपुढेही हाच कागद रोज येतो, म्हणून हे विवेचन त्यांनाही उद्देशून आहे.

प्रथम एक खुलासा. सुश्रुताचार्यांनी निदानस्थानात गलगंडाचे जे वर्णन केले आहे, ते कंठप्रदेशी लोंबणाऱ्या दृश्य शोथाचे आहे. रक्तातील संप्रेरके कमी असूनही गळा अगदी सपाट असू शकतो आणि मोठा गलगंड असूनही संप्रेरके प्राकृत असू शकतात. कागदावर 'थायरॉईड' हा शब्द वाचताच कांचनार गुग्गुळ लिहून देणे म्हणजे निदानाविना चिकित्सा होय, असे आमचे स्पष्ट मत आहे.

टी.एस.एच. हे थायरॉईडचे संप्रेरक नव्हे. ते मस्तकातील पियूषिका ग्रंथीतून स्रवते आणि थायरॉईडला कामाची आज्ञा देते. रक्तात टी-४ कमी पडले की ही आज्ञा तीव्र होते, अधिक झाले की मंदावते. फ्री टी-४ मध्ये किंचित घट झाली तरी टी.एस.एच. कित्येक पटींनी वाढते. म्हणून टी.एस.एच. ८ चे ४ झाले म्हणजे व्याधी निम्मा झाला, असा त्रैराशिक हिशेब येथे चालत नाही. शिवाय ते रात्री वाढते व दुपारी उतरते. सकाळी उपाशीपोटी दिलेल्या रक्ताची दुपारी भोजनोत्तर दिलेल्या रक्ताशी तुलना केल्यास काहीही औषध न देता 'गुण' आलेला दिसेल. प्रत्येक वेळी त्याच प्रयोगशाळेत, त्याच वेळी आणि त्या दिवसाची गोळी घेण्यापूर्वी रक्त द्यावे, हे रुग्णास आवर्जून सांगावे. पुष्कळ ठिकाणी एकूण टी-३ व टी-४ मोजले जातात. गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या किंवा गर्भवती स्त्रीत वाहक प्रथिने वाढल्यामुळे हे आकडे फसवे वाढतात. अशा वेळी फ्री टी-४ मागवावे.

आता मुख्य मुद्दा कालाचा. टी-४ चे अर्धायुष्य सुमारे ७ दिवस आहे. मात्रा बदलल्यावर रक्तातील पातळी स्थिर होण्यास ५ ते ६ आठवडे लागतात. म्हणूनच पुढील तपासणी ६ ते ८ आठवड्यांनी करावयाची असते. पंधरा दिवसांत पुन्हा रक्त तपासून मात्रा हलविणे म्हणजे चुलीवरचे पाणी तापण्यापूर्वीच त्यात बोट घालून पाहणे.

याच अर्धायुष्यात एक मोठा धोका दडलेला आहे. समजा, शस्त्रकर्माने थायरॉईड काढलेल्या एका रुग्णेने नवे औषध सुरू करताना १०० मायक्रोग्रॅमची गोळी एकदम सोडली. पहिल्या आठवड्याअखेर शरीरातील साठा निम्मा, दुसऱ्यानंतर चतुर्थांश आणि तिसऱ्यानंतर अष्टमांश उरतो. पहिले दोन आठवडे तिला काहीच जाणवत नाही, कदाचित हलकेच वाटते, आणि याचे श्रेय नव्या औषधास जाते. त्यानंतर शैत्य, मलबद्धता, मुखशोथ, जाड झालेला स्वर आणि मंद नाडी ही लक्षणे हळूहळू येतात. वृद्ध रुग्णांत, विशेषतः थंडीत किंवा जंतुसंसर्गात, बेशुद्धीपर्यंत प्रसंग येऊ शकतो. ग्रंथीच नसेल किंवा किरणोत्सारी आयोडीनने ती निकामी केली असेल, तर ही गोळी औषध नसून आहाराइतकीच अपरिहार्य पूर्ती आहे. ती आपण सोडवू नये.

सर्वच रुग्ण असे नसतात. टी.एस.एच. ४.५ ते १० च्या दरम्यान, फ्री टी-४ प्राकृत आणि लक्षणे नाममात्र असतील, तर २ ते ३ महिन्यांनी पुन्हा तपासावे. अनेकांत ते आपोआप खाली येते. अशा रुग्णांत आयुर्वेदीय उपचारांना वाव आहे. परंतु 'बरा केला' म्हणण्यापूर्वी हा नैसर्गिक उतारही ध्यानी घ्यावा. अँटी टी.पी.ओ. वाढलेले असल्यास मात्र पुढे ग्रंथीची कार्यहानी होण्याचा संभव अधिक. गर्भधारणेची इच्छा असलेली किंवा गर्भिणी स्त्री या प्रतीक्षेस पात्र नाही. आधीपासून गोळी घेणाऱ्या स्त्रीस गर्भ राहताच बहुधा मात्रा २५ ते ३० टक्के वाढवावी लागते, म्हणजे आठवड्यास सातऐवजी नऊ गोळ्या. पाळी चुकल्याचे तिने सांगितले की त्याच दिवशी तिला तिच्या डॉक्टरांकडे धाडावे.

एक अहवाल वारंवार बुचकळ्यात टाकतो: टी.एस.एच. १८, पण फ्री टी-४ प्राकृत किंवा थोडे अधिकच. रुग्णास हळूच विचारावे. महिनाभर गोळ्या चुकलेल्या असतात आणि तपासणीपूर्वी चार दिवस त्या नेमाने घेतलेल्या असतात. टी-४ त्वरित भरते, टी.एस.एच. मागे रेंगाळते. येथे मात्रा वाढविल्यास काही महिन्यांनी छातीत धडधड सुरू होईल.

गोळ्या चुकत नसतील, तर आपल्याच चिठ्ठीकडे पाहावे. लोह व कॅल्शियम आतड्यात थायरॉक्सिनला बांधून ठेवतात. लोह भस्म, मंडूर भस्म, नवायस लोह हे लोहाचे, तर शंख, कपर्दिका, प्रवाळ, मुक्ताशुक्ती, गोदंती हे कॅल्शियमयुक्त कल्प आहेत. आम्लपित्तासाठी शंख भस्म प्रातःकाली उपाशीपोटी दिले आणि त्याच वेळी गोळी घेतली गेली, तर ती वाया जाईल. गोळी उठताच केवळ पाण्याबरोबर घ्यावी, न्याहारी व चहा-कॉफी अर्ध्या ते एका तासाने घ्यावी आणि वरील कल्प किमान ४ तासांनी द्यावेत. एवढ्यानेच वाढलेले टी.एस.एच. मात्रा न बदलता खाली येऊ शकते.

अश्वगंधेविषयीही सावध असावे. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ५० रुग्णांच्या एका लहान अभ्यासात, ८ आठवडे मूळाचा अर्क घेतल्यावर टी.एस.एच. घटून टी-३ व टी-४ वाढल्याचे आढळले. अश्वगंधेनंतर थायरॉईडची अतिक्रियता झाल्याची वृत्तेही प्रसिद्ध आहेत. गुग्गुळातील घटकाचा थायरॉईड-उत्तेजक परिणाम १९८० च्या दशकात उंदरांवर दिसला. मनुष्यात त्याचे प्रमाण सांगण्याजोगा आधार त्यातून मिळत नाही. थायरॉक्सिन चालू असता ही द्रव्ये द्यावयाची असतील, तर ६ ते ८ आठवड्यांनी तपासणी करावी आणि नाडी मोजत राहावी. केसांसाठी घेतलेले बायोटिन याहून फसवे: ग्रंथीस काहीही न करता ते काही यंत्रांत टी.एस.एच. खोटे कमी व टी-४ खोटे अधिक दाखविते. तपासणीपूर्वी किमान दोन दिवस ते बंद असावे.

प्रसूतीत अतिरक्तस्राव झालेल्या स्त्रीत पियूषिका ग्रंथीच दुर्बल झालेली असू शकते. तेथे फ्री टी-४ कमी असूनही टी.एस.एच. प्राकृत दिसते. केवळ टी.एस.एच. पाहणारा अशा रुग्णेस निरोगी ठरवून परत पाठवील.

औषध विक्रेत्यांसाठी दोन शब्द. चिठ्ठीवरील ०.१ मिलिग्रॅम म्हणजे १०० मायक्रोग्रॅम. दशांश चिन्हाच्या घोटाळ्याने दसपट मात्रा जाऊ शकते. शक्यतो एकाच कंपनीची गोळी द्यावी. ती बदलावी लागलीच तर रुग्णास सांगावे व ६ ते ८ आठवड्यांनी तपासणी सुचवावी. उष्णता, ओलावा व प्रकाश यांनी हे औषध क्षीण होते. बाटलीतील गोळ्या कागदाच्या पुडीत बांधून देण्याची सवय पावसाळ्यात तर मुळीच नसावी.

अतिक्रियतेसाठी कार्बिमॅझोल घेणाऱ्यांचे गणित वेगळे आहे. टी-४ प्राकृत झाल्यावरही त्यांचे टी.एस.एच. काही महिने दबलेलेच राहते. म्हणून आरंभी फ्री टी-४ व टी-३ पाहून मात्रा ठरवितात. मात्र या रुग्णास ज्वर आला किंवा घसा धरला, तर ज्वरघ्न काढा वा गुळण्या देऊन घरी पाठवू नये. या औषधाने क्वचित रक्तातील श्वेतपेशी एकाएकी घटतात. गोळी त्याच क्षणी थांबवून श्वेतपेशींची गणना त्याच दिवशी करवून घ्यावी आणि गोळी लिहून देणाऱ्या डॉक्टरांस दूरध्वनी करावा.