चौल : सह्याद्रीच्या पायथ्याचे एक समुद्रनगर

इटलीच्या समुद्राकाठची नगरे पाहावयास जगभरचे प्रवासी जातात. नेपल्सजवळ रोमन काळचे बंदर पाहावे, व्हेनिसला प्रबोधनकाळातील व्यापाऱ्यांचे वाडे पाहावेत, आणि एका माणसाच्या आयुष्यात दोन हजार वर्षांचा इतिहास डोळ्यांखालून घालावा, अशी ही हौस असते. ती चांगलीच आहे. परंतु प्राचीन काळ आणि प्रबोधनकाळ हे दोन्ही ज्याच्या मातीत एकावर एक बसले आहेत, असे एक नगर आपल्या घाटाखालीच आहे, याची आठवण मात्र आपल्याला क्वचितच होते. अलिबागेच्या दक्षिणेस सोळा-सतरा किलोमीटरांवर, कुंडलिका नदी जेथे समुद्राला मिळते तेथे हे नगर होते. त्याचे नाव चौल. आज तेथे नारळी-पोफळीच्या वाड्या आहेत, शेजारी रेवदंड्याचा पडका कोट आहे आणि खाडीच्या पलीकडे कोर्लईचा डोंगर आहे.

शिरवळच्या माणसाला चौलशी काय कर्तव्य, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर आपल्या शिवेवरच आहे. शिरवळची बौद्ध लेणी आपण लहानपणापासून पाहतो. कोरीवकामाचा थाट त्यांत नाही. साधे चैत्यगृह, भिक्षूंच्या राहण्याच्या साध्या खोल्या. परंतु अशी लेणी बहुधा रानात उगीच कोरलेली नसतात. ती व्यापारी वाटांच्या आसपास असतात, कारण भिक्षूंना भिक्षा लागते आणि वाटसरूंना विसावा. कोकणातून महाडवरून वरंधा घाट चढून भोरला यावे आणि तेथून नीरेच्या काठाने देशावर उतरावे, ही वाट जुनी आहे. घाटाखाली महाडजवळ गांधारपाल्याची लेणी आहेत आणि घाटावर शिरवळची. राजपुरीच्या खाडीजवळ कुडे येथे जी लेणी आहेत, त्यांतील एका लेखात कऱ्हाडच्या एका लोखंडाच्या व्यापाऱ्याने लेणे दान दिल्याची नोंद आहे. कृष्णाकाठचा व्यापारी समुद्रकाठी जाऊन लेणे कोरवितो, याचा अर्थ त्याचा पैसा, माल आणि मन ही तिन्ही त्या वाटेवर होती. सातारा मुलूख आणि समुद्र यांची ओळख अशी जुनी आहे.

आता चौलकडे वळू. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक नाविकाने तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानपर्यंतच्या बंदरांची माहिती लिहून ठेवली. तीत कल्याणच्या पुढे ‘सेमुल्ला’ हे नाव येते. दुसऱ्या शतकात टॉलेमीने हेच नाव ‘सिमुल्ला’ असे दिले. कान्हेरीच्या लेण्यांत चेमुलच्या एका सुवर्णकाराच्या मुलाने पाण्याची पोढी दान दिल्याचा लेख आहे. हे चेमुल म्हणजेच चौल. विसाव्या शतकाच्या अखेरीस पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी येथे उत्खनन सुरू केले, तेव्हा सातवाहनकालीन वस्तीचे अवशेष मिळाले, आणि ग्रंथांतले नाव जमिनीतही सापडले.

हा व्यापार चाले कसा? त्याचे रहस्य वाऱ्यात होते. मिसर देशातून निघालेली जहाजे जुलैच्या सुमारास सुटत, नैऋत्येचा मोसमी वारा शिडांत भरून घेऊन आपल्या किनाऱ्याला लागत आणि हिवाळ्यात वारा उलटला की परत फिरत. त्याच ग्रीक नाविकाने लिहिले आहे की, भडोचच्या बाजारात परदेशी मद्याला मागणी असे, आणि त्यातही इटलीच्या मद्याला पसंती असे. कोल्हापूरला ब्रह्मपुरीच्या टेकडीवर ग्रीकांच्या समुद्रदेवाची, पोसायडनची, लहानशी कांस्यमूर्ती सापडली. समुद्र ज्या गावातून दिसतही नाही, त्या गावात समुद्रदेव येऊन राहिला! आपल्या घाटवाटांवरून केवढे जग ये-जा करीत होते, हे त्यावरून कळावे.

रोमन साम्राज्य गेले, तरी चौल गेले नाही; गिऱ्हाईक बदलले, एवढेच. दहाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात अल्-मसूदी हा अरब प्रवासी येथे आला. तो या शहराला ‘सैमूर’ म्हणतो. त्या वेळी येथे शिलाहार राजा झंझ राज्य करीत होता आणि त्याच्यावर राष्ट्रकूटांची सत्ता होती. मसूदी सांगतो की, शहरात सुमारे १०,००० मुसलमान राहत होते. त्यांपैकी कित्येक येथेच जन्मलेले होते. त्यांचे तंटे तोडण्यासाठी त्यांच्यातलाच एक प्रमुख नेमलेला असे. हिंदू राजा परक्या व्यापाऱ्यांना त्यांच्या रीतीने राहू देतो आणि आपली जकात घेतो, असा हा रोकडा व्यवहार होता. बंदर भरभराटीस येते ते अशा व्यवहारावर. जेथे परक्याला न्याय मिळतो, तेथे तो माल उतरवितो.

पुढे १४७० च्या सुमारास अफानासी निकितिन हा रशियन व्यापारी येथे उतरला आणि जुन्नरकडे गेला. विकण्यासाठी त्याने एक घोडा बरोबर आणला होता. जुन्नरच्या सुभेदाराने तो काही काळ अडकवून ठेवला होता. त्यानंतर इटालियन आले. बोलोन्याचा लुदोविको दी वार्थेमा सोळाव्या शतकाच्या आरंभी चौलला येऊन गेला; त्याचे प्रवासवर्णन १५१० मध्ये रोमला छापले गेले. ज्या काळात मायकेलँजेलो रोमच्या सिस्टाइन प्रार्थनामंदिराचे छत रंगवीत होता, त्याच काळात त्याच शहरातले वाचक चौलच्या तटाविषयी आणि सुती कापडाविषयी वाचत होते!

परंतु तोवर समुद्रावरची सत्ता बदलली होती. १४९८ मध्ये वास्को द गामा कालिकतला पोहोचला आणि मिऱ्याचा व्यापार आफ्रिकेला वळसा घालून लिस्बनकडे जाऊ लागला. तो आजवर मिसरमार्गे व्हेनिसला जात असे. म्हणून मिसरच्या सुलतानाने आरमार पाठविले, आणि १५०८ मध्ये चौलच्या खाडीतच लढाई होऊन पोर्तुगीज व्हाइसरॉयचा मुलगा लोरेन्सो द आल्मेइदा मारला गेला. पुढच्याच वर्षी दीवच्या समुद्रात पोर्तुगिजांनी त्याचा सूड घेतला. १५२१ मध्ये निजामशहाच्या परवानगीने त्यांनी खाडीच्या मुखाशी कोट बांधावयास घेतला. तेव्हापासून चौल दोन झाले. १५६३ मध्ये घरून निघालेला व्हेनिसचा व्यापारी चेझारे फेदेरिची हीच दोन शहरे सांगतो : समुद्राजवळचे पोर्तुगिजांचे, तटबंदीचे, आणि आत काही अंतरावर निजामशहाचे, मालाने भरलेले.

१५७०-७१ मध्ये मूर्तजा निजामशहाने हा कोट घेण्याचा निश्चय केला. त्याच वेळी विजापूरच्या अली आदिलशहाने गोव्याला वेढा घातला. सैन्य अफाट होते, तोफा होत्या, शौर्यही होते. तरी महिनोन् महिने झुंजूनही कोट पडला नाही. कारण अगदी साधे आहे. जमिनीची बाजू रोखली तरी समुद्राची वाट बंद करता आली नाही. धान्य, दारूगोळा आणि नवी माणसे जहाजांतून येतच राहिली. त्याच वर्षी, १५७१ च्या ऑक्टोबरात, व्हेनिस, स्पेन आदींच्या आरमाराने लेपांटोला तुर्कांचा पराभव केला. युरोपातील शाळांत लेपांटो शिकवितात. आपल्या मुलांना चौलचा वेढा शिकविला, तर त्यातून मिळणारा धडा कमी मोलाचा ठरणार नाही. तो धडा असा : ज्याच्या हाती गलबते नाहीत, त्याच्या हाती किनारा राहत नाही. शिवाजीमहाराजांनी कल्याण-भिवंडी हाती येताच जहाजे बांधावयास घेतली आणि १६६४ मध्ये सिंधुदुर्गाचा पाया घातला, त्यामागे हीच जाण होती.

संभाजीमहाराजांनी १६८३ मध्ये चौलला वेढा घातला, पण कोट हाती लागला नाही. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली आणि त्यानंतर १७४० च्या तहाने चौल व कोर्लई मराठ्यांकडे आली. पण तोवर लक्ष्मी तेथून उठली होती. जवळच मुंबई वाढत होती, चौलचे विणकर तिकडे जाऊन वसले होते, आणि खाडी गाळाने भरत चालली होती. मराठ्यांना कोट मिळाला; बंदर मिळाले नाही.

आज रेवदंड्याला चर्चचा जुना मनोरा उभा आहे. लोक त्याला सातखणी म्हणतात, जरी सातही खण आता उरलेले नाहीत. तटाच्या आत वाड्या आहेत, विहिरी आहेत, भिंतींतून वड-पिंपळ वाढले आहेत. कोर्लईच्या पायथ्याशी असलेल्या वस्तीत पोर्तुगीज आणि मराठी यांच्या मिश्रणातून झालेली एक बोली आजही बोलली जाते. दगड ढासळतात ते दिसते. बोली ओसरते ती दिसत नाही. म्हणून तिची नोंद अधिक निकडीची.

इटलीतल्या नगरांनी आपले पडके दगड मोजले, नावनिशीवार लिहून ठेवले, म्हणून जग तेथे जाते. आपल्याकडे कोरीव दगड घराच्या पायात जातो आणि लेण्यांत शेरडे बसतात. हे कोणा सरकारी खात्यावर ढकलून चालणार नाही. सुटीत कोकणात जाल तेव्हा अर्धा दिवस चौल-रेवदंड्यासाठी ठेवा. मुलांना बरोबर न्या. कुंडलिकेच्या मुखाशी उभे राहून गलबते कोठून येत असतील ते दाखवा. आणि त्याआधी एका रविवारी आपल्याच गावची लेणी पाहून या. चौलला उतरणाऱ्या जगाचे एक टोक तेथे, आपल्या शिवेवर, येऊन थांबत होते.