सिंधी पंचांग

सिंधी पंचांग ही सिंधी हिंदू समाजाची पारंपरिक चांद्र-सौर कालगणना होय. विक्रम संवत वापरणाऱ्या या पंचांगाचे वर्ष चैत्रातील चंद्रदर्शनाने सुरू होते. सिंधू नदीच्या काठी घडलेली ही कालगणना १९४७ च्या फाळणीनंतर विस्थापित सिंधी कुटुंबांबरोबर भारतात आली. महाराष्ट्रात उल्हासनगर, पिंपरी आणि उत्तर नागपुरातील जरीपटका या वसाहतींमध्ये तिच्यानुसार सण-व्रते पाळली जातात.

रचना

वर्षाचे बारा महिने चेट, वेसाख, जेठ, आखाड, सावण, बडो, असू, कती, नाहरी, पोह, मांघ आणि फगुण असे असून ते अनुक्रमे चैत्र ते फाल्गुन या महिन्यांशी जुळतात. चांद्रवर्ष सुमारे ३५४ दिवसांचे असल्याने ऋतूंशी मेळ राखण्यासाठी अधिक मास धरला जातो. अमावास्येनंतर प्रथम दिसणाऱ्या चंद्रकोरीला या परंपरेत विशेष महत्त्व आहे. दर महिन्याचा हा दिवस 'चंड' म्हणून ओळखला जातो आणि त्या दिवशी दिवा लावून जलदेवतेची प्रार्थना करतात.

वर्षारंभ पूर्वीपासून चैत्रातच होता असे नाही. अल्-बिरुनीने इ.स. १०३० च्या सुमारास लिहिलेल्या भारतविषयक ग्रंथात सिंधमधील लोक मार्गशीर्षापासून वर्ष मोजत असल्याची माहिती दिली आहे. मुलतानच्या लोकांनी ती पद्धत सोडून काश्मीरप्रमाणे चैत्रारंभ नुकताच स्वीकारल्याचेही त्याने नोंदवले आहे.

धार्मिक महत्त्व

वर्षारंभाचा सण 'चेटीचंड' हा झुलेलाल अर्थात उडेरोलाल यांचा जन्मदिवस मानला जातो. परंपरेनुसार ठट्ट्याचा शासक मिरखशाह याने हिंदूंवर धर्मांतराची सक्ती केली, तेव्हा लोकांनी सिंधूतीरी चाळीस दिवस उपासना केली आणि नसरपूर येथे झुलेलाल अवतरले. त्यांना वरुणदेवाचा अवतार मानतात. सिंधमधील उडेरोलाल येथील त्यांचे स्थान हिंदू आणि मुसलमान दोघांनाही पूज्य आहे.

नवी कोर बहुधा शुद्ध द्वितीयेच्या संध्याकाळी दिसत असल्याने चेटीचंड सामान्यतः गुढीपाडव्याच्या दुसऱ्या दिवशी येतो. उपासनेच्या स्मरणार्थ पाळले जाणारे 'चालिहो' हे व्रत मात्र प्रचलित प्रथेनुसार १६ जुलै ते २४ ऑगस्ट असे चाळीस दिवस चालते. कर्कसंक्रांतीच्या सुमारास त्याचा आरंभ होतो.

अन्य प्रमुख दिवस पुढीलप्रमाणे :

टीजडी : श्रावण वद्य तृतीया. स्त्रिया उपवास करून चंद्रदर्शनानंतर तो सोडतात.
थदडी : श्रावण वद्य सप्तमी. चूल न पेटवता आदल्या दिवशी शिजवलेले अन्न खातात. शीतला देवीशी संबंधित हा दिवस मराठी शिळा सप्तमीशी नाते सांगतो.
लाल लोई : मकरसंक्रांतीच्या पूर्वसंध्येला होळीप्रमाणे अग्नी पेटवतात.

जरीपटका आणि विस्थापनोत्तर काळ

पंजाब आणि बंगाल यांप्रमाणे सिंधची वाटणी झाली नाही. संपूर्ण प्रांत पाकिस्तानात गेला. त्यामुळे भारतात आलेल्या सिंधींना स्वतःचा भाषिक प्रदेश उरला नाही आणि ज्या नदीभोवती त्यांची व्रते गुंफलेली होती, तीही दुरावली. अशा स्थितीत सण-तिथी हे समाजाला जोडणारे महत्त्वाचे साधन ठरले. लेखक व गायक प्रा. राम पंजवाणी (१९११–१९८७) यांनी झुलेलाल आणि चेटीचंड यांना विखुरलेल्या सिंधींच्या ऐक्याचे प्रतीक म्हणून पुढे आणले. १९६७ मध्ये सिंधी भाषेचा समावेश राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत झाला.

चेटीचंडच्या पूजेत 'बहराणो साहिब' मुख्य असतो. थाळीत दिवा, खडीसाखर, वेलची, फळे आणि सोबत नारळ ठेवलेला पाण्याचा कलश अशी त्याची मांडणी असते. 'छेज' हे टिपऱ्यांचे सामूहिक नृत्य करीत तो मिरवत नेऊन त्याचे जलाशयात विसर्जन करतात आणि पाण्यात तांदूळ व साखर अर्पण करतात. या अर्पणाला 'अखो' म्हणतात. ताहिरी हा गोड भात प्रसाद म्हणून वाटला जातो. सिंधूपासून दूर असलेल्या नागपूरसारख्या शहरात तलाव, विहीर किंवा स्थानिक नदी तिच्या जागी येते. उपासना एका नदीपुरती मर्यादित न राहता जलतत्त्वाची मानली गेल्यामुळे हा बदल परंपरेत सामावला गेला.