विरल मृत्तिका कार्बोनेटे

लँथॅनम ते ल्युटेशियम ही मूलद्रव्ये आणि गुणधर्मांनी त्यांच्याशी जुळणारे इट्रियम यांची कार्बोनेट लवणे. साध्या कार्बोनेटात धातूचे २ त्रिसंयुजी आयन व ३ कार्बोनेट गट असतात. स्फटिकजल बहुधा असतेच. यांखेरीज हायड्रॉक्सिकार्बोनेटे व फ्ल्युओकार्बोनेटेही आढळतात.

निसर्गातील सर्वांत महत्त्वाचे उदाहरण बॅस्टनासाइट हे सिरियमाचे फ्ल्युओकार्बोनेट होय. महाराष्ट्राच्या सीमेपासून जवळ, गुजरातच्या छोटा उदेपूर जिल्ह्यातील आंबाडुंगर येथील कार्बोनेटाइट खडकात ते सापडते. हा खडक सु. ६.५ कोटी वर्षांपूर्वीचा, म्हणजे दक्षिण ट्रॅपच्या काळातला आहे. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातील आर. एन. सुखेश्वाला यांनी जी. आर. उदास यांच्यासह १९६३ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. भारतात विरल मृत्तिका मिळविल्या जातात त्या मात्र मुख्यतः किनारी वाळूतील मोनॅझाइट या फॉस्फेट खनिजापासून; तेथे कार्बोनेट हे प्रक्रियेतील मधल्या टप्प्याचे संयुग असते.

संरचना : लँथॅनमापासून ल्युटेशियमापर्यंत आयनाची त्रिज्या १.०३ वरून ०.८६ अँगस्ट्रॉमपर्यंत घटते. [→ लँथॅनाइडे]. फरक लहान, पण संरचनेवर त्याचा परिणाम मोठा आहे. लँथॅनम, निओडिमियम यांसारख्या मोठ्या आयनांची कार्बोनेटे पाण्याचे ८ रेणू घेऊन लँथॅनाइट खनिजासारखे समचतुर्भुजी, पापुद्रेयुक्त स्फटिक बनवितात. त्यांत धातू व कार्बोनेट यांचे स्तर असून काही पाणी स्तरांच्या मधे सैलपणे धरलेले असते. मध्यम व लहान आयनांना इतके शेजारी पेलत नाहीत. गॅडोलिनियम, इट्रियम इत्यादींची कार्बोनेटे टेंजेराइटासारखी, २ ते ३ रेणू पाण्याची असतात. बॅस्टनासाइटात धातू-फ्ल्युओराइड स्तर व कार्बोनेट स्तर आलटूनपालटून येतात आणि चपटे त्रिकोणी कार्बोनेट गट स्तराशी उभे असतात.

ऊष्मागतिकीय गुणधर्म : ही लवणे पाण्यात जवळजवळ अविद्राव्य आहेत. निओडिमियम कार्बोनेटाचा विद्राव्यता गुणाकार (संपृक्त विद्रावातील आयनांच्या संहतींचा योग्य घातांसह गुणाकार) २५° से.ला १०⁻³³ च्या आसपास आहे. यावरून साका बनताना मुक्त ऊर्जेत दर मोलमागे सु. १८८ किलोजूल घट होते असे निघते. या घटीत एन्ट्रॉपीचा वाटा मोठा आहे : दोन्ही आयनांभोवती घट्ट बांधलेले पाण्याचे रेणू मोकळे होतात. निरनिराळ्या कोष्टकांतील मूल्ये मात्र जुळत नाहीत, कारण ताजा साका बारीक व अपुरा स्फटिकी असतो. तो मुरू दिल्यास विद्राव्यता घटते.

तापविल्यास प्रथम पाणी जाते. मग लँथॅनम कार्बोनेट सु. ५००° से.च्या सुमारास काही कार्बन डाय-ऑक्साइड सोडून ऑक्सिकार्बोनेट बनते आणि ते ७००°–८००° से.च्या दरम्यान ऑक्साइडात रूपांतरित होते. सिरियमाचे वर्तन वेगळे आहे. हवेत ते चतुःसंयुजी होत असल्याने बरेच कमी तापमानास थेट डाय-ऑक्साइड मिळते. प्रयोगात आढळणारी तापमाने तापविण्याच्या वेगावर व वायू निघून जाण्यावर अवलंबून असल्याने ती समतोल तापमाने समजू नयेत.

किंचित अल्कधर्मी भूजलात हीच मूलद्रव्ये कार्बोनेटाशी जटिल आयन बनवून विरघळलेली राहतात. कोल्हापूर जिल्ह्यात नेसरीच्या पश्चिमेकडील आजरा-चंदगड भागात बेसाल्टावर आढळणाऱ्या जांभ्यासारख्या झिजेच्या थरांत त्यांची फेरवाटणी समजण्यास हे ध्यानात घ्यावे लागते. सिरियम मात्र ऑक्साइडरूपाने मागे राहण्याकडे कलते.

उपयोग : कार्बोनेट विरल अम्लात सहज विरघळते, म्हणून क्लोराइड, नायट्रेट व ऑक्साइड तयार करण्यास ते सोयीचे असते. वैद्यकातील उपयोग अधिक लक्षणीय आहे. मूत्रपिंडे निकामी झाल्यास रक्तात फॉस्फेट साचते. अमेरिकेत २००४ मध्ये संमत झालेले लँथॅनम कार्बोनेट जठरातील अम्लात विरघळते व अन्नातील फॉस्फेटाशी संयोग पावून त्याहूनही अविद्राव्य असे लँथॅनम फॉस्फेट बनते. ते मलावाटे बाहेर पडते. दमट हवेत व उष्णतेत हे औषध कार्बन डाय-ऑक्साइड गमावून हायड्रॉक्सिकार्बोनेट होऊ शकते, म्हणून ते कोरडे ठेवणे आवश्यक असते.