फ्रीज बिघडला म्हणण्यापूर्वी



या पानावर आम्ही बहुधा बेणे, खोडवा, हुमणी यांविषयी लिहितो. या वेळी विषय घरातला घेतला आहे. खोडकिडीसाठी ट्रायकोकार्डे देताना "शेतात लावेपर्यंत फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवा, बर्फाच्या कप्प्यात नको," असे आम्ही सांगतो. त्यावर "साहेब, फ्रीज हाय, पण गार करत न्हाई," असे उत्तर बऱ्याच वस्त्यांवर मिळते. आता फ्रीजमध्ये नुसते दूध-भाजी नसते. कुणाच्या घरी वडीलधाऱ्यांचे इन्शुलिन असते, तर कुणाकडे जनावरांची लाळ-खुरकुताची लस. ही औषधे २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावी लागतात. फ्रीज नुसता नावाला चालू असला तर नुकसान दुधापुरते राहत नाही.

ऊस पिवळा पडला म्हणून आपण लगेच युरिया टाकत नाही. पाणी साचले आहे का, लोह कमी पडले आहे का, हे आधी पाहतो. फ्रीजचेही तसेच आहे. मेस्त्रीला बोलावण्यापूर्वी पुढील गोष्टी घरच्या घरी पाहाव्यात.

विजेचा दाब

आपल्याकडे घरगुती वीज २३० व्होल्टची असते. एकाच डी.पी.वर पंप आणि वस्ती असेल तर पंप सुरू होताच बल्ब मिणमिणतो. त्याच वेळी फ्रीज घुमतो, 'टक्' आवाज होऊन बंद पडतो, थोड्या वेळाने पुन्हा घुमतो. कमी दाबामुळे कॉम्प्रेसरची मोटर फिरू शकत नाही, जादा करंट ओढते आणि तापते. हे रोज चालले तर वाइंडिंग जळते. असा आवाज आला की फ्रीज बंद करावा आणि योग्य क्षमतेचा स्टॅबिलायझर बसवून घ्यावा. काही नव्या फ्रीजना त्याची गरज नसते. सोबतच्या पुस्तिकेत पाहावे. उलट, बल्ब एकाएकी फार प्रखर झाले तर न्यूट्रल तुटलेला असू शकतो. मेन स्विच बंद करून वायरमनला कळवावे.

फ्रीज बंद केल्यावर लगेच चालू करू नये, पाच मिनिटे थांबावे. नळ्यांतील गॅसचा दाब दोन्ही बाजूंना सारखा व्हायला तेवढा अवधी लागतो.

गार कमी होते

दारात दहाची नोट धरून दार लावावे. नोट अलगद ओढून आली तर रबर ढिले आहे. ते साबणाच्या पाण्याने पुसावे, फाटले असल्यास बदलावे. पाठीमागे जाळी असल्यास प्लग काढून तिच्यावरची धूळ ब्रशने झाडावी. फ्रीज भिंतीपासून वीतभर पुढे ठेवावा. ज्यांची जाळी आत बसवलेली असते त्यांच्या बाजू कोमट लागतात, तो दोष नव्हे. गरम भाजीचे पातेले आत ठेवू नये. पंख्याने गारवा फिरवणाऱ्या फ्रीजमध्ये आतली हवेची भोके पिशव्यांनी बुजवू नयेत.

बर्फ आणि पाणी

एका दाराच्या साध्या फ्रीजमध्ये बर्फाचा थर अर्धा सेंटिमीटर झाला की फ्रीज बंद करून तो वितळू द्यावा. सुरी किंवा उलथन्याने खरवडू नये; पत्र्याला भोक पडले की सगळा गॅस जातो. भाजीच्या ट्रेखाली पाणी साचत असेल तर मागचे निचऱ्याचे भोक तुंबलेले असते. त्यात कोमट पाणी सोडून ते मोकळे करावे.

"गॅस संपलाय"

हे वाक्य ऐकून पुष्कळांनी पैसे मोजले आहेत. गॅस म्हणजे डिझेल नव्हे, तो वापरून संपत नाही. बंद नळीत तोच तो फिरत राहतो. कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे. ती शोधून बुजवल्याशिवाय नवा गॅस भरणे म्हणजे फुटक्या पाटाला पाणी सोडणे. "गळती कुठे सापडली?" हे मेस्त्रीला अवश्य विचारावे. अनेक नव्या फ्रीजमध्ये आर-६००ए हा पेट घेणारा गॅस असतो. फ्रीजवरील पट्टीवर तसे लिहिलेले असेल तर माहीतगार माणसाखेरीज कुणालाही नळ्यांना हात लावू देऊ नये.

शॉक लागतो

हँडलला नुसती झिणझिणी आली तरी फ्रीजला पुन्हा हात लावू नये. आधी मेन स्विच बंद करावा आणि अर्थिंग तपासून घ्यावे. तीन पिनांतली जाड पिन काढून टाकण्याची सवय जिवावर बेतणारी आहे. मागची वायर उंदरांनी कुरतडली आहे का, हेही पाहावे.

वीज गेल्यावर

दार उघडले नाही तर फ्रीजमधला गारवा साधारण चार तास टिकतो. पोरांना तेवढे बजावून ठेवावे. त्याहून जास्त वेळ गेला तर दूध आणि शिजवलेले अन्न वापरू नये, आणि औषधाविषयी डॉक्टरांना विचारावे. इन्शुलिन एकदा गोठले तर ते टाकूनच द्यावे. ज्या घरी औषधे असतात तेथे एक थर्मामीटर आत ठेवावा. तो ४ अंशांच्या आसपास राहिला म्हणजे फ्रीज ठीक आहे.

एवढे पाहूनही दोष सापडला नाही, तर मग मेस्त्रीला बोलवावे. काय काय पाहिले ते त्याला सांगावे, म्हणजे त्याचा वेळ आणि आपला पैसा वाचेल.

— ऊस विकास अधिकारी