चार कलमांचा कायदा

सप्टेंबर २०२० मधील संसदेचे अधिवेशन शेतीविषयक विधेयकांवरील गदारोळामुळे लक्षात राहिले. त्याच धामधुमीत साथरोग कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक १९ तारखेला राज्यसभेने व २१ तारखेला लोकसभेने संमत केले. डॉक्टर व परिचारिकांवर हल्ला करणाऱ्यांना जबर शिक्षा, हा त्याचा गाभा. त्याची निकड कोणी नाकारणार नाही. परंतु ज्या मूळ वस्त्राला हे ठिगळ लावले गेले ते १८९७ सालचे होते, आणि मुंबई-पुण्याच्या आठवणीत त्याचे डाग अजून पुसलेले नाहीत.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. शहर ओस पडू लागले. हिंदुस्थानातून येणारा माल व प्रवासी यांना युरोपातील बंदरे बंद होतील, ही धास्ती कलकत्त्याच्या सरकारला मोठी होती. २८ जानेवारी १८९७ रोजी जॉन वुडबर्न यांनी कौन्सिलात विधेयक मांडले आणि ४ फेब्रुवारीला त्याचा कायदा झालादेखील. अधिकार असाधारण आहेत, हे मांडणाऱ्यांनीही लपविले नव्हते. अवघी चार कलमे. पहिल्यात नाव व व्याप्ती. दुसऱ्यात सरकारला आवश्यक वाटतील ते तात्पुरते नियम करण्याची मुभा. तिसऱ्यात ते मोडणाऱ्यास दंड संहितेच्या कलम १८८ खाली शिक्षा. चौथ्यात सद्भावनेने काम करणाऱ्या अधिकाऱ्यास न्यायालयापासून संरक्षण. साथ कशाला म्हणावे, याची व्याख्या नाही. नागरिकाने दाद कोठे मागावी, याचा उल्लेख नाही.

हे मौन किती महाग पडले ते पुण्याने पाहिले. साताऱ्याचे असिस्टंट कलेक्टर वॉल्टर चार्ल्स रँड यांच्या प्लेग कमिटीने १३ मार्च ते १९ मे १८९७ या काळात गोऱ्या सोजिरांकरवी घरोघर झडत्या घेतल्या. देवघरे व माजघरे तुडविली गेली, सामान जाळले गेले, स्त्रियांची तपासणी परक्या पुरुषांसमोर झाली, आप्तांना विलगीकरणाच्या छावण्यांत धाडण्यात आले. एवढे करून रोग आटोक्यात येण्याची हमी होती काय? तीही नव्हती. उंदरावरील पिसवांमार्फत प्लेग पसरतो, हे पॉल-लुई सिमाँ यांनी कराचीत दाखवून दिले ते १८९८ मध्ये. तेही सर्वमान्य होण्यास आणखी काही वर्षे गेली. तोवर कार्बोलिकचे फवारे उडत राहिले आणि उंदीर शेजारच्या घरात जात राहिले.

लोकमान्य टिळकांचा विरोध आरोग्याच्या उपायांना होता, असा एक सोयीचा समज आहे. ते स्वतः पुण्यात राहिले, हिंदूंसाठी प्लेगचे रुग्णालय उभारण्यात त्यांनी पुढाकार घेतला. त्यांचा आक्षेप पद्धतीवर होता. स्त्रियांविषयी एकही विश्वसनीय तक्रार आली नाही, असे समाधान कमिटीने नोंदविले. मात्र तक्रारदाराने जायचे कोणाकडे? गोपाळ कृष्ण गोखले यांनी विलायतेत सोजिरांच्या अत्याचारांना वाचा फोडली, पण पुरावा देण्यास कोणी पुढे येईना. परतल्यावर त्यांना जाहीर माफी मागावी लागली. त्या माफीत गोखल्यांच्या सभ्यतेइतकीच व्यवस्थेची पोकळीही दिसते, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

पुढचे सर्वश्रुत आहे. २२ जून १८९७ च्या रात्री, राणीच्या हीरक महोत्सवाहून परतताना गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँड व लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या. सरकारने १८२७ च्या जुन्या रेग्युलेशनखाली नातू बंधूंना खटल्याविना डांबले. टिळकांना राजद्रोहासाठी १८ महिन्यांची शिक्षा झाली. मार्च १८९८ मध्ये मुंबईत दंगल उसळल्यावर मात्र सक्तीची धार बोथट होऊ लागली. वैद्य-हकीम व स्थानिक पुढारी यांना सोबत घेण्याचे शहाणपण उशिरा सुचले.

२०२० च्या टाळेबंदीत परप्रांती मजूर पायी गावाकडे निघाले, तेव्हा राज्यांच्या हाती हाच कायदा होता; जोडीला २००५ चा आपत्ती व्यवस्थापन कायदा. त्या सप्टेंबरमधील दुरुस्तीने हल्लेखोराला सात वर्षांपर्यंतचा तुरुंगवास व पाच लाखांपर्यंतचा दंड सांगितला. विलगीकरणात ठेवलेल्या माणसाच्या हक्कांविषयी तिने एक ओळही लिहिली नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये विधी आयोगाने आपल्या २८६ व्या अहवालात या कायद्यातील त्रुटी नोंदवून व्यापक सुधारणा किंवा नवा कायदा सुचविला. सद्भावनेचे चौथे कलम दुरुस्तीनंतरही जागेवरच राहिले होते.