खडक चढणारी गाडी

आमच्या हॉबी क्लबमध्ये खडक चढणारी एक रिमोटची गाडी आहे. गेल्या सत्रात तिची मोटर माझ्या हातून जळाली. नवीन सामान निवडायचे कामही सरांनी मलाच दिले. त्यातून जे शिकलो ते सांगतो.

माझी चूक एवढीच की मी वेगाच्या मागे लागलो. शर्यतीच्या गाडीतली २१ टर्नची मोटर मी हिला बसवली. टर्न म्हणजे आर्मेचरवर गुंडाळलेल्या तारेचे वेढे. वेढे कमी असले की मोटर जोरात फिरते. पण चाक दगडात अडकले की ती खूप करंट ओढते आणि तापते. खडकासाठी ३५ ते ५५ टर्नची मोटर चांगली. ती सावकाश फिरते, पण कमी करंटमध्ये जास्त जोर देते.

मोटरला किती वीज द्यायची ते स्पीड कंट्रोलर ठरवतो. तो घेताना तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, ड्रॅग ब्रेक. ट्रिगर सोडताच गाडी चढावर जागीच थांबली पाहिजे. आमची आधी मागे घरंगळायची. दुसरी, अडकलेली मोटर ओढेल तेवढा करंट त्याला सोसला पाहिजे. तिसरी, लिपो बॅटरीसाठी कटऑफ. दर सेल ३ व्होल्टच्या खाली गेला की बॅटरी खराब होते.

आम्ही ५५ टर्नची मोटर घेतली. मैदानामागच्या दगडांवर गाडी आता हळू चढते, पण वर पोहोचते. "सर, एवढी हळू का?" असे ज्युनियर विचारतात. मी त्यांना जळालेली मोटर दाखवतो.